पिवळ्या पाठीची पिल्लं

१

भागोजी तांडेल कासवांपायी मेला, हे कोंडवेळच्या कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोणाच्या हातून मेला एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि जमादार धर्मा म्हात्रे श्रीवर्धनहून पायपीट करत वाडीत पोचेपर्यंत वाडीने तेही उरकून घेतलं होतं.

"सद्यानं मारला," पोलीस पाटील म्हणाला. "चावडीत बांधून ठेवलाय. तुमी निस्तं घेऊन जायाचं."

घेऊन जाणं सोपं होतं. एकोणीसशे एकोणसाठ सालचा शिमगा तोंडावर आलेला. म्हसळ्याच्या ठाण्यातल्या शिपायांचं म्हणजे आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास, म्हणून पेन्शनीला टेकलेल्या जमादाराच्या गळ्यात हे लोढणं आलं होतं. पण हातात काही आयतं पडलं की धर्मा जमादाराला चैन पडत नसे. तो म्हणाला, "बस जरा पाटला. पहिल्यापासून सांग."

आदल्या रात्री शिवरात्र होती. अर्धीअधिक वाडी हरिहरेश्वराला गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. सदू मात्र आपली लहान होडी घेऊन एकटाच गेला होता आणि दिवस बुडताना एकटाच परत निघाला, हे चार जणांनी पाहिलं होतं. सकाळी माणसं परतली तेव्हा पुळणीवर, भरतीच्या रेषेला सदू बसलेला दिसला. मांडीवर भागोजीचं डोकं, म्हाताऱ्याच्या कपाळाला खोक, आणि सदूच्या सदऱ्यावर रक्त.

वैर जुनंच होतं. सदू कासवांची अंडी उकरून श्रीवर्धनच्या बाजारात विकायचा आणि भागोजी त्याच अंड्यांची राखण करायचा. थोड्याच दिवसांपूर्वी देवीच्या देवळापुढे म्हाताऱ्याने सदूच्या हातातली अंड्यांची पाटी हिसकून घेतली, तेव्हा सदू सगळ्यांदेखत बोलून गेला होता, "म्हाताऱ्या, येक दिस तुलाच पुरीन त्या खड्ड्यात."

चावडीत सदू खांबाला टेकून खाली मान घालून बसला होता. जमादाराने विचारलं ते सगळं त्याने ऐकून घेतलं आणि एकाचंही उत्तर दिलं नाही. जमादार कंटाळून उठला, तेव्हा मात्र तो हळूच म्हणाला, "जमादारसाब, मना न्या. पन माज्या आयेला कायबी इचारू नका."

२

ओहोटी लागली होती. पाणी लांब मागे गेलेलं, आणि उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत होड्या बांधायचा एक जाड खुंट उभा होता, कमरेएवढा, बुडापासून शेंड्यापर्यंत कालवांच्या शिंपल्यांनी बरबटलेला. वर कोरड्या पुळणीवर, वाळक्या शेवाळाच्या रेषेला सदूची होडी लागली होती. प्रेत सकाळीच श्रीवर्धनच्या दवाखान्यात धाडलं होतं. पाटलाने होडीजवळची जागा दाखवली. "हितं पडलावता तांडेल. आनि ता बगा, खड्डा. सद्या अंडी उकरीत व्हता, म्हातारा आडवा आयला."

धर्मा जमादार पेणकडच्या मिठागरात वाढलेला. चिखलावर उमटलेलं पाऊल माणसाचं की कोल्ह्याचं, हे पाहण्यात त्याचं बालपण गेलेलं. तो खड्ड्याशी उकिडवा बसला.

"पाटला, उकरलेल्या खड्ड्याची माती कुठे असते?"

"भायेर."

"इथे बाहेर चिमूटभर तरी आहे का? वाळू आत खचलीय. हा खड्डा वरून कोणी उकरला नाही. आतून पिल्लं निघाली."

पाटलाने मान खाजवली. जमादार पुढे सरकला. खड्ड्यापासून बारीक बारीक वल्ह्यांसारख्या खुणा पसरल्या होत्या, नक्षी काढल्यागत. थोड्या अंतरावर त्या साऱ्या वळल्या होत्या, आणि समुद्राकडे एकही गेली नव्हती. सगळ्या मागे, केतकीच्या बनाकडे. जमादार त्यांच्यामागून गेला. बनाच्या कडेला एक चपटा चिरा होता, काजळीने काळा पडलेला. त्याच्याभोवती कासवाची पिल्लं मरून पडली होती, उन्हाने करपलेली, मुंग्या लागलेली. कावळ्यांनी आपला वाटा आधीच नेला होता.

जमादाराला कासवाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. पण इतकी इवलीशी जनावरं पाण्याकडे पाठ करून मरायला का आली असतील, या विचाराने त्याला गलबलून आलं.

"हा दिव्याचा चिरा," पाटील म्हणाला. "रातचा कोन दर्यात असला तर तेच्या घरची बाय हितं दिवा ठेवते. पन सांप्रत कोनी न्हाय ठेवीत. पिल्लं उजेडाकडं धावतात, चुकतात, म्हनून भागोजीनं सगल्यांना देवीपुढं शपथ घालून दिवा बंद केलता, पिल्लं निघून जायीपर्यंत."

जमादाराने चिऱ्यावरून बोट फिरवलं. बोटाला ताजं रॉकेल लागलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण अंडी चोरायला आलेल्या माणसाने हातात कंदील कशाला घ्यावा? सदू अंधारात काम करणारा. मग इथे दिवा लावून कोण बसलं होतं?

३

वाडीत मोठ्या उजेडाचा दिवा एकाच घरी होता. रामचंद्र शेठ, दोन गलबतांचा मालक, माणूस तोंडाचा फटकळ. त्याला ह्याच पुळणीवर बोंबील वाळवायला बांबूंचे दांडे बांधून वलांड्या उभ्या करायच्या होत्या, आणि भागोजी कासवांच्या नावाने दर वेळी आडवा येत होता.

"माझी बत्ती जत्रेला होती आणि बत्तीखाली मी होतो," शेठ म्हणाला. "वाडीला विचारा. जमादार, मी म्हाताऱ्याचं वाईट चिंतलं नाही. पण खरं सांगू? कासव जाळं फाडतं. मासळी आणून देत नाही, दूध देत नाही, राखण करत नाही. त्याच्यासाठी बायकांनी घरचा दिवा लावायचा नाही, मी वलांडी ठोकायची नाही. एका पारड्यात माणूस घाला आणि दुसऱ्यात हजार कासवं. सांगा, कुठलं पारडं खाली जाईल?"

 शेठचं म्हणणं जमादाराला मनातून पटत होतं, आणि पटतंय याचाच राग येत होता.

"आता काय," शेठ आवाज उतरवून म्हणाला, "म्हाताराच पारड्यात पडला."

संध्याकाळी श्रीवर्धनच्या दवाखान्यातून प्रेत परत आलं. डॉक्टरांनी सोबत जमादाराला चिठ्ठी धाडली होती: डोक्याची खोक वरवरची, त्याने माणूस मरत नाही, म्हातारा मेला तो बुडून, छातीत पाणी भरलं होतं. आणि खोकेत शिंपल्याच्या किरचा सापडल्या होत्या. भागोजीला अग्नी दिला तेव्हा सारी वाडी स्मशानात होती. बायकांच्या घोळक्यापासून एक म्हातारी तेवढी दूर उभी होती, तोंडात पदराचा बोळा कोंबून. जमादाराने विचारलं, ही कोण? कोणीतरी पुटपुटलं, "सद्याची आये. सोनूबाई."

४

भागोजीची सून नीराबाई सकाळी ओट्यावर बसली होती. नवरा मुंबईला ट्रॉलरवर. त्याला तार गेली होती, पण तो अजून पोचला नव्हता. तिने एक ओलं गाठोडं जमादारापुढे ठेवलं.

"बाबांच्या मुठीत व्हता. डोईचा पटका हाय तेंचा. गाठ सोडायचा जीव न्हाय झाला."

जमादाराने गाठ सोडली. आत कासवाची पाच-सहा पिल्लं होती, मेलेली, एकमेकांना बिलगलेली. नीराबाईने तोंड फिरवलं. जमादार मात्र पाहतच राहिला. प्रत्येक पिल्लाच्या पाठीवर, कवचाच्या खाचांतून, पिवळा रंग बसला होता. पटक्यालाही आतून तोच रंग लागला होता.

"हे काय गं?"

"जाल्यात कासव आला तर आमी तेला मारीत न्हाय. देव हाय तो. होडीवरून घरी सांगावा येतो, मंग घरची बाय जाते, हलदकुंकू लावते, नारल देते नि सोडते."

"हळद आहे. कुंकू कुठाय?"

नीराबाईने वाकून पाहिलं. "खरंच. आनि ही सैपाकाची हलद पन न्हाय वाटत. खंडोबाचा भंडारा दिसतो." एवढं बोलून तिने पटक्याची कड पिल्लांवर ओढली. काहीतरी तिच्या डोक्यात आलं होतं आणि तिने ते परत ढकलून दिलं होतं.

जमादाराने ते ओढून काढलं नाही. त्याने वेगळंच विचारलं. "तुझा सासरा कासवांच्या मागे इतका का लागला?"

"चार वरसांमागं तुफान झाला. बाबा तांडेल व्हते, होडीचे म्होरके. होडी उलटली. सोनूबाईचा थोरला, कान्हा, तेंच्या होडीवर व्हता. बाबा फलीला धरून राहिले, पोरगा न्हाय गावला. सगली रात येक कासव तेंच्या बाजूबाजूनं पोवत व्हता, असा सांगायचे. तेनं मला आनला, पन पोराला का न्हाय आनला, म्हनून रडायचे. तवापासून कासव सोडला न्हाय तेंनी. आनि सोनूबाईच्या वाटेला गेले न्हायत. तिच्या दारावरून जाताना मान खाली घालायचे. येकदाच गेले, दिवा बंद कर सांगायला. ती रोज रातीला चिऱ्यावर दिवा ठेवायची, कान्हासाठी. ठेवला दिवा हलवायचा न्हाय, फुंकायचा न्हाय. जेच्यासाठी ठेवला, तोच येऊन इझवतो. हलवला तर दर्यातल्या मानसाची वाट चुकते. तिचा दिवा पहाटेला तेल सरून इझायचा. बाबांनी हात जोडले, तवा बिचारीनं पिल्लांसाठी तेवढे दिस दिवा सोडला."

जमादार उठला. दारातून वळून त्याने विचारलं, "खड्ड्यातली सगळीच पिल्लं एकाच वेळी निघतात?"

"न्हाय. मागं राहिलेली दोन-तीन सांजा येत राहतात, बाबा सांगायचे."

५

सोनूबाईच्या घरात एकच खण होता. कोपऱ्यात खंडोबाचे टाक आणि त्यांच्यापुढे भंडाऱ्याची डबी. म्हातारी चुलीपुढे बसली होती, कपाळ मोकळं, पदर तोंडाशी. पदर धरलेल्या हाताच्या नखांत पिवळं होतं.

"सोनूबाय, सदूने तुला शपथ घातलीय ना? तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील म्हणून?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"नको उघडू तोंड. मी सांगतो. चुकलो तर मान हलव." जमादार तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "सदूला मी मनाशी आधीच सोडवलाय, फक्त त्याला ठाऊक नाही. त्याची होडी शेवाळाच्या रेषेला आहे. एकट्या माणसाने ती तिथवर ओढणं होणार नाही. म्हणजे ती भर भरतीला, पाण्याबरोबर आली. वारा पडला असेल, तो उशिरा पोचला. आणि भागोजीच्या खोकेत शिंपल्याच्या किरचा होत्या. त्या खालच्या खुंटावरच्या कालवांच्या. भरतीला तो खुंट पाण्याखाली जातो. भागोजी लाटेबरोबर त्याच्यावर आपटला आणि गुंगी येऊन तिथेच बुडाला, तेव्हा पाणी अजून खुंटाच्या शेंड्याखालीच होतं. सदू आला त्याच्या कितीतरी आधी म्हातारा गेला होता. भरतीने त्याला वर आणून ठेवला, एवढंच."

 म्हातारीची मान हलली नाही.

"आता दिवा. अंधारी रात्र, वाडी रिकामी, सदू दिवस बुडता येतो म्हणून गेलेला आणि आलेला नाही. एक पोर दर्याने नेलेलं. तू देवीपुढची शपथ मोडलीस आणि चिऱ्यावर दिवा ठेवलास. पिल्लं तुझ्या दिव्याला आली. इथे मी रात्रभर अडलो होतो. दिवा लावणारा आणि भागोजी यांचं भांडण झालं असेल, असंच मी धरून चाललो होतो. पण भागोजीच्या पटक्यातल्या पिल्लांना भंडारा लागला होता. कोणीतरी त्यांची पूजा करून ती म्हाताऱ्याच्या पटक्यात घातली. भांडणारं माणूस असं करत नाही. आणि सवाशीण असती तर तिने कुंकू लावलं असतं. कुंकवाला हात न लावणारी, देवाचा भंडारा तेवढा घरात असलेली, आणि त्या रात्री जिचं माणूस दर्यात होतं अशी बाई कोण?"

सोनूबाई उठली. माळ्यावरून तिने गोणपाटात गुंडाळलेला कंदील काढला आणि जमादारापुढे ठेवला. तिने तोंड उघडलं नव्हतं.

६

देवळापुढे वाडी जमली. जमादाराने सदूचे दोर सोडायला लावले आणि सांगायचं ते सांगितलं. सदू आईच्या पायाशी मटकन बसला.

"मी आलो तवा ती दिव्याजवल बसलीवती, पिल्लं मांडीत घेऊन. मी दिवा इझवला, तिला घरी नेली. तांडेल घरी गेला असंल असा वाटला. सकाली मेलेली पिल्लं पुरायला आलो, कोनाला कलू नये म्हनून, तर तांडेल पडलेला. कान्हा गेला तवापासून लोक हिला पांढऱ्या पायाची म्हनतात. आता दिव्यानं तांडेलाला खाल्ला म्हनतील. मंग हिला कोन जगू देईल?" त्याने डोळे पुसले. "बोल आये. शपथ सोडली तुजी."

सोनूबाईने तोंडावरचा पदर खाली घेतला. 

"मना वाटला देव दिव्याला आयला. कान्हानं पाटवला. येकेकाला भंडारा लावीत बसले. मंग तांडेल धावत आला. मी बोलले, दिवा इझवू का? माजा सदू दर्यात हाय. तो उबा राहिला. मना बोलला, जलू दे बाय. येक पोर तुजा मी दर्यात ठेवून आयलो. दुसऱ्याचा दिवा मी कसा इझवू?" तिने पदराने तोंड पुसलं. "मंग पटक्यात पिल्लं घेऊन पान्यात जायाचा, सोडायचा, परत यायचा. लाटेतून पन काई दिव्याकडं वलायची, म्हनून खोल जायाचा. दम लागलावता. मी बोलले बस, तर हसला. मी भंडारा लावून देत गेले, तो नेत गेला. मंग न्हाय आयला."

 रामचंद्र शेठ खाली बघत होता. एका पारड्यात माणूस आणि एकात हजार कासवं घाला म्हणणं सोपं. त्या म्हाताऱ्याने दोन्ही पारडी एकट्याच्या खांद्यावर घेतली होती.

जमादाराच्या तोंडून नको ते निघून गेलं. "पण मग दिवाच उचलून खाली पाण्याशी का नाही नेलात? त्या खुंटावर ठेवला असता. होडीलाही दिसला असता आणि पिल्लंही समुद्राकडेच धावली असती."

वाडी त्याच्याकडे पाहत राहिली. ठेवलेला दिवा हलवायचा नाही, हे त्या सगळ्यांच्या रक्तात इतकं मुरलं होतं की हा प्रश्न आजवर कोणाच्या मनाला शिवला नव्हता. तो भागोजीला सुचला नाही, आणि सोनूबाईलाही नाही. म्हातारीचं तोंड पांढरंफटक पडलं. जमादाराला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं. खुनी शोधायला आलेल्याने, कोणीच खुनी नाही असं सिद्ध करून, जाता जाता एका आईच्या काळजात सुरी खुपसली होती.

मग नीराबाई उठली. सुतकातली ती, सगळ्यांपासून वेगळी बसली होती. तिने सोनूबाईला दंडाला धरून उठवलं. "चल," म्हणाली. "सांज होते. मागं राहिलेली यायची असतील."

श्रीवर्धनहून सुटणारी शेवटची एसटी चुकलीच होती. जमादारही मागोमाग गेला, शेठ गेला, हळूहळू अर्धी वाडी गेली. सोनूबाईने कंदील पेटवला आणि सवयीने केतकीच्या बनाकडे वळली. चिऱ्यापाशी ती बराच वेळ उभी राहिली. मग वळून खाली चालू लागली, ओल्या वाळूतून, थेट खुंटापर्यंत.

सदू कळवळून म्हणाला, "आये, दादाची वाट चुकंल."

"तेची वाट सरली रं," म्हातारी म्हणाली, आणि तिने कंदील खुंटाला अडकवला.

बऱ्याच वेळाने खड्ड्यातली वाळू हलली. थोडीच होती, मागे राहिलेली, अशक्त. ती खुंटाच्या उजेडाकडे सरपटत निघाली. जमादाराच्या बुटापाशी एक उलथं पडून हातपाय हलवत होतं. त्याने ते बोटाने सुलटं केलं आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. लाट आली, एकेकाला उचलून घेऊन गेली. लाटेतून ती पुन्हा उजेडाकडे वळू लागली तशी सोनूबाई गुडघाभर पाण्यात शिरली. तिने कंदिलाची काच वर केली.

दर्यातून कोणीही आलं नव्हतं. तिने स्वतःच फुंकर मारून दिवा विझवला.